मुख्य पान कोणी उघडलं?

१

रविवारी सकाळी नागपुरातल्या अठरा हजार घरांनी चहासोबत बापूजी वानखेड्यांची माफी वाचली. बापूजींनी स्वतः ती सगळ्यांच्या नंतर वाचली.

पहिल्याच पानावर काळ्या रेघांची चौकट होती आणि खाली मालक-संपादक म्हणून बापूजींचं नाव. उमरेड रोडवरच्या गिट्टीखदानीत सुरुंग वेळेआधी उडून चार मजूर मेले, त्याबद्दल ‘दैनिक कन्हानवार्ता’त सुरू असलेली लेखमाला ऐकीव माहितीवर आधारलेली होती, खदानीच्या व्यवस्थापनाचा काही दोष नाही, वाचकांनी क्षमा करावी, असा मजकूर. बापूजींनी गुरुवारी मंजूर केलेल्या चौकटीत वेगळंच होतं. मेलेल्या मजुरांची नावं आणि लेखमालेचा पुढचा भाग कधी येणार ते.

सोमवारी दुपारी बारा वाजता दादाजी बोंद्रे बापूजींच्या केबिनमध्ये बसले होते. या इमारतीत ते दीड वर्षाने पाय ठेवत होते. चाळीस वर्षं मुद्रितं तपासली, त्यातली शेवटची बारा वर्षं त्या विभागाचे प्रमुख म्हणून. मग सत्त्याऐंशी साल उजाडायच्या आत कम्प्युटर आला, खिळे जुळवणारे घरी गेले आणि मुद्रितं तपासणारेही. आता मंजूर झालेला मजकूर पडद्यावरून थेट छपाईला जात होता. मधे वाचायला माणूसच नव्हता.

“मलेच काहून बोलावलं?” दादाजींनी विचारलं. बसा म्हटलं नव्हतं तरी ते बसले होते, आणि चहा विचारला नाही हेही त्यांनी ध्यानात ठेवलं होतं.

“कारण इथं तुम्ही एकटेच असे की ज्याच्याजवळ मशीनचा कोणताच परवलीचा शब्द नाही,” बापूजी म्हणाले. “बाकी सगळ्यांवर संशय हाय. पाच वाजता इन्स्पेक्टर येऊन राहिला. त्या पोरीले त्याच्या ताब्यात देतो. पण त्याले कागदावर काहीतरी दाखवा लागते. ते तुम्ही काढून द्या.”

“कोणत्या पोरीले?”

“जयवंता खोब्रागडे. मशीनवर बसते ती. तिच्याशिवाय कोणाले जमते हे?” बापूजी पुढे वाकले. “तिचं सिद्ध झालं की हे मशीनच काढून टाकतो. तुमचा हॉल पुन्हा उघडू. तुम्ही, तुमची माणसं, सगळे परत.”

दीड वर्ष सक्करदऱ्याच्या तलावावर सकाळ-संध्याकाळ चकरा मारून दादाजींनी दिवस ढकलले होते, आणि प्रत्येक चकरेत या मशीनला आणि मशीनवर बसणाऱ्या त्या पोरीला, तिचं तोंडही न पाहता, शिव्या घातल्या होत्या. आता तीच पोर त्यांच्या हातात आयती दिली जात होती.

“कागद दाखवा,” ते म्हणाले.

बापूजींनी कागदाची लांब पट्टी समोर टाकली. मशीन स्वतःच्या सगळ्या हालचालींची नोंद तिच्यावर छापत असे. दादाजींनी चष्मा चढवला आणि सवयीने बोट ठेवून ओळ न् ओळ वाचली. मंजूर मजकूर बदलायचा तर तो ‘मुख्य पान’ नावाच्या एकाच ठिकाणाहून बदलता येई, आणि मुख्य पान उघडणारा वेगळा शब्द फक्त व्यवस्थापक मनोहररावांना ठाऊक होता. पट्टीवर मुख्य पान शुक्रवारी, म्हणजे दसऱ्याला, सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी एकदा उघडलेलं दिसत होतं. त्यानंतर थेट शनिवारी संध्याकाळी. चौकट बदलली होती शुक्रवारी दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी.

त्या दुपारी कुलूप कोणी उघडलं नव्हतं, आणि तरी आतला माल बदलला होता.

२

फाटकावरचा पहारेकरी चंपतराव दादाजींना पूर्वी नमस्कार करत असे. आता त्याने रजिस्टर पुढे सरकवलं तेही नाखुशीने.

दसऱ्याची सुट्टी होती. सकाळी दहाला यंत्रांची पूजा झाली, बाराच्या आत सगळे गेले. दुपारी दोनच नावं. उपसंपादक गोपाळराव अडीचला आत, पाचला बाहेर. जयवंता खोब्रागडे सव्वातीनला आत, चारला बाहेर.

“ही पूजेले होती?”

“ती कायले येते? त्यायची दीक्षाभूमी असते त्या दिवशी,” चंपतराव म्हणाला. “सगळं शहर तिकडच्या गर्दीनं भरलेलं. दुपारी आली ते एका म्हातारीले धरून. म्हणे, मावशीले चक्कर आली, घडीभर पडू द्या. मी म्हटलं, ऑफिस हाय, धरमशाळा नाही. तर माझ्याच अंगावर आली.”

“मग?”

“जुन्या हॉलात झोपवलं तिले. पाणी नळावरचं नेलं. माठातलं मी देल्लं नाही.”

दादाजींनी त्याच्याकडे पाहिलं. चंपतरावाने मान दुसरीकडे वळवली.

“अन् गोपाळराव?”

“ते पूजा कराले आले होते. हातात पितळी डबी होती, हार होता. त्यायचं सगळं सोवळ्यातलं असते.”

गोपाळराव आपल्या टेबलाशी ताठ बसले होते. साठीचे, कपाळावर गंध, शर्टाची वरची गुंडीही लावलेली. टेबलाच्या कोपऱ्यात ज्ञानकोशाचे खंड रचून त्यावर लेखणी ठेवली होती. वाळलेला हार आणि हळदीने पिवळ्या केलेल्या अक्षता अजून तशाच होत्या.

“सकाळी मशीनची पूजा झाली, मग तुम्ही दुपारी पुन्हा आले?” दादाजींनी विचारलं.

“मशीनची पूजा मनोहररावांची,” गोपाळराव म्हणाले. “तिथं आम्ही रिकाम्या हाती उभं राहायचं आणि त्यांच्या ताटातून उचलून टाकायचं. माझी सरस्वती वेगळी. ती घरचं साहित्य आणून मी निवांत मांडतो. आमचं देवीचं कुळ आहे, आमच्याकडे सगळं हळदीचं लागतं.”

“जयवंता दिसली?”

“आवाज ऐकला. चंपतरावशी भांडत होती.” गोपाळरावांनी ओठ मुरडले. “दादाजी, तुम्ही तपास कशाचा करून राहिले? ज्यांनी तुमचं पोट मारलं त्यांचा पुळका येऊ देऊ नका. मला तर ते मशीन चालवता येत नाही. आणि मुख्य पानाचा शब्द काय, मनोहरराव बायकोलाही सांगत नाहीत.”

हे खरं होतं. गोपाळराव मजकूर दुरुस्त करण्यापुरतेच पडद्यासमोर बसत, तेही दोन बोटांनी टंकत. दादाजी उठले. दारात थांबून त्यांनी एक सहज प्रश्न टाकला.

“तुमचे जावई हल्ली कुठं असतात?”

“नोकरीवर,” गोपाळराव म्हणाले आणि समोरचा कागद ओढून घेतला.

३

जयवंताला जुन्या हॉलात बसवून ठेवलं होतं. खिळ्यांचे खण ठेवायच्या घोड्या एका भिंतीशी ढकललेल्या, त्यावर धूळ. या खोलीत दादाजींची चाळीस वर्षं गेली होती. तिथे ही बसलेली पाहून त्यांचं डोकं फिरलं.

ती पंचविशीची असेल. त्यांना पाहून ती उठली नाही.

“तुम्ही दादाजी बोंद्रे,” ती म्हणाली. “तुमच्याच जागेवर मी आली, असं सगळे म्हणतात. तुम्हाले आज बरं वाटत असेल.”

“वाटून राहिलं,” दादाजी म्हणाले. “चौकट तू बदलली?”

“नाही.”

“दुपारी काहून आली होती?”

“मावशी उमरेडवरून आली होती. उन्हात पडली. जवळ हेच एक ठिकाण होतं जिथं आपली ओळख हाय असं मले वाटलं.” तिचा आवाज कोरडा होता. “तीन-चाळीसले मी तिच्या तोंडावर पाणी मारून राहिली होती. साक्षीले मावशीच, आणि तिचं कोण ऐकते?”

दादाजींनी पट्टी पुढे केली. “शब्द न वापरता मुख्य पान उघडता येते?”

“नाही.”

“मंग हे झालं कसं?”

तिने पट्टीकडे पाहिलंही नाही. “उघडल्याची नोंद होते. बंद केल्याची होत नाही. मशीन आलं त्याच महिन्यात मी म्हटलं होतं, बंद केल्याचीही छापू द्या. मनोहरराव म्हणाले, कागद वाया जाते. एकदा ते पान उघडं राहिलं तर समोर जो बसेल तो मालक. त्याले शब्द लागत नाही, अक्कलही लागत नाही. चौकटीवर जायचं, जुनं खोडायचं, नवं टंकायचं. दोन बोटांनीही होते.”

“हे बापूजीले काहून नाही सांगितलं?”

“सांगितलं असतं तर म्हणाले असते, तुलेच कसं माहीत.”

दादाजींनी पट्टी गुंडाळून घेतली. बापूजी नेमकं तेच म्हणाले असते.

“मनोहरराव तर बापूजीले म्हणाले, पूजा झाल्यावर बंद केलं,” दादाजी म्हणाले.

“म्हणू द्या. मी पूजेले नव्हती. उघडं राहिलं का बंद झालं, हे तिथं जे होते त्यायले विचारा.”

घड्याळात अडीच वाजले होते. दादाजी मनोहररावांच्या खोलीत गेले तेव्हा मनोहरराव जेवायला गेले होते. मुख्य मशीन टेबलावर मुकाट होतं. दादाजींनी त्याला दीड वर्षात पहिल्यांदा हात लावला. कळफलक उचलला, टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि तो उलटा करून पाठीवर थापट्या मारल्या, जुन्या काळी खिळ्यांचा खण झटकत तसा.

कागदावर तांदळाचे दाणे पडले. आठ-दहा लाल. आणि त्यात पाच पिवळे.

४

“माझ्या मशीनला हात लावायची परवानगी तुम्हाला कोणी दिली?” मनोहरराव दारातूनच ओरडले.

“बसा,” दादाजी म्हणाले. खुर्ची त्यांनी घेतलेली होती, त्यामुळे मनोहररावांना स्टुलावर बसावं लागलं. “शुक्रवारी सकाळी पूजेच्या वेळी पडदा चालू होता?”

“होता. बंद मशीनची काय पूजा करायची? पडद्यावर ‘श्री’ आणलं होतं. ते मुख्य पानावरूनच येतं.”

“अन् पूजा झाल्यावर?”

“बंद केलं. बापूजींना सांगितलंय मी.”

“मनोहरराव, तुमच्या वडलांची पिठाची चक्की होती महालात. दसऱ्याले चक्कीची पूजा झाल्यावर ते त्या दिवशी चक्कीले हात लावू द्यायचे?”

मनोहरराव मशीनकडे पाहू लागले.

“नाही लावू द्यायचे. आमच्या हॉलातही खिळ्यांची पूजा झाली की दुसऱ्या दिवशी अक्षता टाकून, हलवून, मगच कोणी खिळा उचलायचा. तुम्ही त्याच घरचे. पूजा झालेल्या मशीनची बटणं दाबून तुम्ही ते बंद केलं, हे मले खरं वाटत नाही.”

मनोहररावांनी कपाळ पुसलं. “त्यात माझं काय चुकलं सांगा. पूजेला मांडलेली वस्तू आहे. फुलं, नारळ, कळफलकावर अक्षता. ते सगळं उधळून बंद करायचं? दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तरपूजा करून केलं बंद. बापूजींचा हुकूम होता की मुख्य पान क्षणभरही उघडं ठेवायचं नाही. कळलं असतं तर मला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं.”

“म्हणून त्या पोरीले जेलात पाठवून राहिले.”

“मला काय माहीत ते असं होईल.” मग त्यांनी घाईने पुस्ती जोडली, “आणि शनिवारी सकाळी मांडणी जशीच्या तशी होती. कोणी हात लावलेला नव्हता. म्हणजे तिनंच काहीतरी आतून केलं.”

“पडदा उघडा राहिला हे कोणाकोणाले माहीत होतं?”

“पूजेला होते त्यांना. दिसतच होता.”

दादाजींनी वर्तमानपत्र पुढे सरकवलं. “या तुमच्या अक्षता?”

“लाल आमच्या. कुंकवाच्या. सकाळी सगळ्यांनी माझ्याच ताटातल्या टाकल्या, उत्तरपूजेलाही त्याच.” मनोहररावांनी पिवळा दाणा चिमटीत धरला आणि त्यांचा चेहरा उतरला. “या कुठून आल्या?”

दादाजींनी दाणे पुडीत बांधून खिशात टाकले. त्यांना उत्तर सापडलं होतं, आणि ते सापडल्याचा आनंद बिलकुल झाला नव्हता. हे त्यांनी बापूजींना सांगितलं की जयवंता सुटणार, मशीन राहणार, आणि जुन्या हॉलाला लागलेलं कुलूप कायमचं. न सांगितलं तर उद्या सकाळी ते आपल्या खुर्चीत असते. दहा मिनिटं ते व्हरांड्यात उभे राहिले. खिशातले दाणे दोनदा हातात घेतले. खाली गटार होतं, तिथे टाकले असते तर कोणाला पत्ता लागला नसता.

५

साडेचारला बापूजींच्या केबिनमध्ये सगळे जमले. जयवंता दाराशी उभी राहिली. खुर्ची रिकामी होती, पण तिला कोणी बस म्हटलं नाही.

“मुख्य पान शुक्रवारी दहा वाजून पाच मिनिटांनी उघडलं ते शनिवारी सकाळपर्यंत उघडंच होतं,” दादाजींनी सुरुवात केली. “मनोहररावांनी बंद केलं नाही. पूजेतली वस्तू म्हणून.”

बापूजींनी मनोहररावांकडे असं पाहिलं की मनोहरराव खुर्चीसकट मागे सरकले.

“म्हणजे चौकट बदलाले परवलीचा शब्द लागला नाही, का मशीनचं ज्ञान. फक्त पान उघडं हाय हे माहीत पाहिजे होतं. तीन-चाळीसले इमारतीत दोघं. जयवंता पूजेले नव्हती. तिच्या हिशोबानं सुट्टीच्या दिवशी ते पान बंदच. गोपाळराव पूजेले होते.”

“मी होतो तसे वीस जण होते,” गोपाळराव म्हणाले. “आणि तिने आल्यावर खोलीत डोकावून पाहिलं नसेल कशावरून?”

“मीही तेच म्हटलं. मले तर तिनंच केलेलं असावं असं वाटत होतं, खोटं काहून बोलू?” दादाजींनी खिशातून पुडी काढून टेबलावर उलगडली. “पण हे कळफलकाच्या बटणांखालून निघालं. लाल अक्षता मनोहररावांच्या. पिवळ्या, सकाळी कोणाजवळच नव्हत्या. त्या दुपारी आल्या, पितळी डबीत.”

“एवढ्याशा तांदळावरून?”

“चौकट बदलणाऱ्यानं आधी मशीनवर अक्षता टाकल्या, गोपाळराव. उत्तरपूजा केली. पूजेतल्या वस्तूले तसाच हात लावायची त्याची हिंमत झाली नाही. देव हलवला, फुलं बाजूले ठेवली, टंकलं, वरचे पिवळे दाणे वेचले, अन् पुन्हा सगळं जसंच्या तसं मांडलं. कोणाले फसवाचं म्हणून टाकले असते तर ते दाणे वर दिसले असते, बटणांखाली गेले नसते. आता सांगा, ही पोर हे करंन? जी त्या पूजेले उभीही राहत नाही, ती मशीनची क्षमा मागंन?”

गोपाळरावांनी शर्टाची वरची गुंडी सोडली.

“तुमचे जावई त्या खदानीचे व्यवस्थापक होय ना? लग्नात तुम्हीच मले सांगितलं होतं,” दादाजी म्हणाले. “मजुरांची नावं छापून आली असती तर त्या मजुरांच्या बायका जावयाविरुद्ध बोलाले समोर आल्या असत्या.”

“माझ्या पोरीला सातवा महिना आहे,” गोपाळराव म्हणाले. ते कोणाकडेच पाहत नव्हते. “तिने माझे पाय धरले. बाबा, एवढा अंक जाऊ द्या, म्हणाली. मी एक माफी लिहिली. कोणाचा जीव तर घेतला नाही.”

“अन् माझा?” जयवंताने विचारलं. “पाच वाजता मले नेणार होते. तुम्ही इथंच बसून पाहून राहिले होते.”

“तुला काय, दोन दिवसांत सोडून दिलं असतं,” गोपाळराव अगदी सहज म्हणाले.

खाली जीप थांबल्याचा आवाज आला. बापूजी झटकन उठले, दार लावून घेतलं आणि एकदम मऊ आवाजात बोलू लागले.

“हे पहा, घरातली गोष्ट घरात राहू द्या. गोपाळराव तीस वर्षांपासून आपल्याजवळ आहेत. त्यांचे वडील माझ्या वडलांचे स्नेही. तब्येतीच्या कारणानं ते राजीनामा देतील. इन्स्पेक्टरला सांगू, मशीनच बिघडलं. जुना मजकूर, नवा मजकूर, सरमिसळ झाली. मग मशीन काढावंच लागंल.” ते दादाजींकडे वळले. “हॉल उद्यापासून उघडतो. किल्ली आत्ता घ्या. पोरीवरही केस नाही. सगळ्यांचं भलं.”

त्यांनी ड्रॉवरमधून किल्ली काढून दादाजींसमोर ठेवली. जिन्यावर बूट वाजत होते.

जयवंता हसली, पण त्यात हसू नव्हतं. “घ्या,” ती दादाजींना म्हणाली. “मशीनवाली पोर मशीनसोबत गेली, कोणाले कळणारही नाही. अन् ते चार मजूर तर तसेही मेलेच आहेत.”

किल्ली तीच होती, मुठीशी दोरा बांधलेली. दादाजींना ती इतकी हवीशी वाटली की त्यांना स्वतःची लाज वाटली. दार उघडलं. इन्स्पेक्टर टोपी काढत आत आला, सगळ्यांवर नजर फिरवून त्याने कागद काढला.

“मशीनमध्ये बिघाड होता,” बापूजी म्हणाले. “आम्ही उगाच तुम्हाले...”

“मशीन चांगलं हाय,” दादाजी म्हणाले. “माझा जबाब लिहून घ्या. खोटी माफी गोपाळरावांनी टाकली. पुरावा या पुडीत हाय. अन् चौकटीत जी चार नावं होती तीही लिहा, ती या मुलीच्या पाठ असतील. टंकली तिनंच होती.”

“आहेत,” जयवंता म्हणाली. रिकामी खुर्ची तिने स्वतः ओढली आणि बसली.

इन्स्पेक्टरने लेखणीचं टोपण उघडलं. “नाव?”

“दादाजी बोंद्रे. राहणार सक्करदरा.”

“या ऑफिसात कोणत्या कामावर?”

दादाजींनी टेबलावरची किल्ली एका बोटाने बापूजींच्या बाजूला सरकवली.

“कोणत्याच नाही,” ते म्हणाले. “तसंच लिहा.”